नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' या दोन शब्दप्रयोगांत केवळ एका मात्रेचा फरक आहे. पहिले काम अकीक्याच्या दिवसाचे. मुलासाठी आपण अर्थपूर्ण नाव निवडतो, वडीलधाऱ्यांना विचारतो, अल्लाहच्या पुढे त्या नावासाठी हात पसरतो. दुसरे काम निंदेचे, आणि त्यासाठी ना दिवस लागतो ना विचार. सूरह अल-हुजुरातच्या अकराव्या आयतीत अल्लाहने या दुसऱ्या कामास स्पष्ट मनाई केली आहे. तिचा आशय असा की, ईमानधारक पुरुषांनी दुसऱ्या पुरुषांची टिंगल करू नये, कदाचित ते त्यांच्याहून चांगले असतील. स्त्रियांनीही दुसऱ्या स्त्रियांची टिंगल करू नये, कदाचित त्या त्यांच्याहून चांगल्या असतील. कोणी कोणास टोमणे मारू नयेत आणि वाईट टोपणनावांनी हाक मारू नये. जे यापासून परतणार नाहीत, तौबा करणार नाहीत, तेच जालिम आहेत.

ही आयत मी किती मुलांकडून पाठ करून घेतली असेल याची गणती नाही. तरीही तिचा अर्थ मला माझ्याच चुकीतून उमगला. तीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

प्रारंभ २०१९ सालच्या रमजान महिन्यापासून करतो. त्या वर्षी २२ मे रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपवले. त्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागाचे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. मूळच्या जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातील. यावल, रावेर, चोपडा या भागांत सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारा हा समाज अनुसूचित जमातीत मोडतो आणि मुस्लिमही आहे. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांनी जातीवरून टोमणे मारून, रुग्णांसमोर पाणउतारा करून तिचा छळ केला, असा कुटुंबीयांचा आरोप होता. त्या डॉक्टरांना अटक झाली, पुढे जामीन मिळाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे, आपले नाही. परंतु एका आईने, आबेदा तडवी यांनी, रोहित वेमुला यांच्या आईसह त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि उच्च शिक्षणसंस्थांतील जातीय भेदभाव रोखण्याची मागणी केली. ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात माहीत असावयास हवी.

रमजानच्या अखेरच्या जुम्याला मी मिंबरवरून याच विषयावर बोललो. आवाज चढला होता. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, तरी असे का घडते, असा प्रश्न मी विचारला. सुशिक्षित माणसांच्या तोंडी जातीचे टोमणे येतातच कसे, असे म्हणालो. नमाजनंतर अनेकांनी हात धरून शाबासकी दिली. मलाही समाधान वाटले, हे लपवीत नाही.

त्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी मी स्वतः काय केले ते ऐका.

डोलवीच्या पोलाद कारखान्यामुळे वडखळपासून धरमतरच्या खाडीपर्यंतच्या साऱ्या पट्ट्यात बाहेरची माणसे मोठ्या संख्येने राहतात. झारखंड, बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश. ठेकेदाराकडे काम, दोन खोल्यांचे भाड्याचे घर. त्यांची मुले मराठी शाळेत जातात आणि मगरिबनंतर आमच्या मकतबात येतात. अशाच एका वेल्डरचा नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे कायदा शिकत होता. हुशार होता, पण बोलताना अडखळत असे. 'बिस्मिल्लाह' म्हणताना पहिल्या 'ब'वरच त्याचे ओठ मिटून राहत, मान ताठ होई, आणि मग एकदम शब्द सुटे. डिसेंबरातील थंडीची संध्याकाळ. तीस मुले बसली होती, इशाची वेळ जवळ येत होती, आणि सबक देताना तो अडकला तो अडकलाच. मी म्हणालो, "काय रे, थंडीत तुझी विक्रम सुरू होत नाही वाटते!"

पेण-वडखळच्या रस्त्यावर ज्यांनी विक्रम रिक्षातून प्रवास केला आहे, त्यांना सकाळच्या वेळी तिचे घरघरणे वेगळे सांगावयास नको. तीसच्या तीस मुले हसली. तो मुलगाही हसला. मला वाटले, वातावरण हलके झाले.

दुसऱ्या दिवसापासून त्याचे नाव विक्रम झाले. आठवड्याभरात शाळेतही झाले. मकतबाच्या दारात तो दिसला की मुले तोंडाने इंजिनाचा आवाज काढू लागली. चपला काढताना कोणी त्याला मागून ढकलून 'धक्का मारून सुरू करा' असे म्हणे. हे सारे मला नंतर कळले. मला दिसले ते इतकेच की, त्याने मोठ्याने सबक देणे थांबवले. विचारले की तो कायद्यावर बोट ठेवून गप्प बसे. मी त्याला हट्टी समजलो.

जानेवारीत एक दिवस त्याची आई मशिदीच्या फाटकाबाहेर उभी राहिली. नजर खाली ठेवून तिने एवढेच विचारले, "मौलानासाब, बच्चे इसे विक्रम क्यों बुलाते हैं? किसने रखा ये नाम?"

तिची तक्रार मुलांविषयी होती. हे नाव ज्याने ठेवले त्याच्याशीच आपण बोलत आहोत, याची तिला कल्पना नव्हती. मी काय उत्तर दिले हे मला आठवत नाही. उत्तर म्हणावे असे काही दिले नसावे.

त्या रात्री तीच आयत मी पुन्हा उघडली आणि एक एक शब्द थांबून वाचला. अल्लाहने यात तीन वेगवेगळे शब्द वापरले आहेत. एक, टिंगल; यात दुसऱ्यास हलके समजणे येते. दुसरा शब्द 'लम्ज'. तोंडाने, डोळ्याने वा हावभावाने दोष दाखवणे. इंजिनाचा आवाज काढणे हे लम्जच होय, मग त्यात एकही शब्द नसेना का. तिसरा शब्द 'तनाबुज', म्हणजे टोपणनावे एकमेकांवर फेकणे. आणि लम्जविषयी सांगताना अल्लाहने 'इतरांना टोमणे मारू नका' असे म्हटलेले नाही. शब्दशः पाहिले तर 'स्वतःला टोमणे मारू नका' असे आहे. ज्याला तुम्ही बोचता तो तुमच्यापासून वेगळा नाही, असे भाष्यकारांनी त्याचे स्पष्टीकरण केले आहे. सुनन अबू दाऊदमध्ये या आयतीचा प्रसंगही आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले तेव्हा बनू सलमा कुळात एकेका माणसाला दोन-तीन नावे असत. प्रेषितांनी (स.) एखाद्याला अशा एका नावाने हाक मारली की लोक सांगत, या नावाचा त्याला राग येतो. तेव्हा ही आयत उतरली. म्हणजे चारचौघांत रुळलेल्या, सगळ्यांना साध्या वाटणाऱ्या नावांविषयीच ती आहे. 'विक्रम' हे तर वरवर पाहता चांगलेच नाव! शब्द चांगला की वाईट यावर काही ठरत नाही. ज्याला हाक मारली जाते त्याला ती कशी लागते, यावर ठरते.

आयतीच्या अखेरीस तौबा न करणाऱ्यास 'जालिम' म्हटले आहे. सूरह अश-शुअरात हाच शब्द फिरऔनच्या लोकांसाठी आला आहे, हे ध्यानात आले आणि मी आणखीच अस्वस्थ झालो. कारण बोलताना अडखळणाऱ्या माणसाची थट्टा करणारा कुरआनातील मनुष्य कोण? फिरऔनच. हजरत मूसा (अ.) यांनी अल्लाहकडे मागितले होते की, माझ्या जिभेची गाठ सोड, म्हणजे लोकांना माझे बोलणे समजेल, आपला भाऊ हारून (अ.) आपल्याहून अधिक स्पष्ट बोलतो, त्याला सोबत दे, असेही म्हटले होते. आणि फिरऔनने आपल्या दरबाराला काय सांगितले? मी श्रेष्ठ की हा क्षुद्र माणूस, ज्याला धड बोलताही येत नाही? सूरह अज-जुखरुफमध्ये हे आले आहे. मी मकतबाच्या चटईवर बसून, हातात छडी घेऊन, नेमक्या याच बाजूला जाऊन उभा राहिलो होतो.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आलेली एक हदीस तर प्रत्येक मुअल्लिमला तोंडपाठ असते. कुरआन सफाईने वाचणाऱ्याचा दर्जा मोठा आहेच, पण जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुहेरी पुण्य आहे. माझ्या तीस मुलांत दुहेरी पुण्य कमावणारा एक होता. त्याचेच वाचन मी बंद पाडले.

आता मुलांविषयी. त्या तीस मुलांना दादागिरी कोणी शिकवली? मी त्यांना 'हसा' असे म्हटले नव्हते. मी केवळ परवानगी दिली होती. मूल मोठ्यांच्या उपदेशापेक्षा मोठ्यांच्या हसण्याकडे अधिक बारकाईने पाहते. कोणावर हसले की मोठी माणसे रागावत नाहीत, हे ते आधी शोधून काढते, आणि मग नेमके त्याच्याच मागे लागते. वर्गातील सर्वांत दुबळे मूल कोण, हे मुलांना कळत नाही; ते आपण त्यांना दाखवून देतो.

हे माझ्या मकतबापुरते असते तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. आपल्या ओटीवर, लग्नाच्या मांडवात, जेवणाच्या दस्तरखानावर काय बोलले जाते ते आठवून पाहावे. परप्रांतीय कामगाराला 'ए भय्या' अशी हाक. नव्या नवरीच्या रंगाविषयी बायकांची कुजबुज, आणि शेजारी बसून ती ऐकणारी सात वर्षांची मुलगी. मासेमारी करणाऱ्या घरातील स्थळ आले की 'दालदी' हा शब्द ज्या सुरात उच्चारला जातो तो सूर. आम्ही कोकणी मुसलमान आपल्या घराण्याचा, आडनावाचा अभिमान बाळगतो. त्यात गैर नाही. पण तोच अभिमान दुसऱ्याच्या जन्माला हसू लागतो तेव्हा त्याला वेगळे नाव आहे. ते नाव प्रेषितांनीच (स.) दिले आहे.

हजरत अबू जर (रजि.) हे अगदी आरंभी इस्लाम स्वीकारणाऱ्यांपैकी. एकदा वादाच्या भरात त्यांनी एका माणसाला त्याच्या आईच्या वंशावरून हिणवले. सहीह बुखारीत त्या माणसाचे नाव नाही; अनेक विद्वानांनी ते हजरत बिलाल (रजि.) असल्याचे म्हटले आहे. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी अबू जर यांना विचारले, तू त्याला आईवरून हिणवलेस? तुझ्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. पायल तडवींच्या वेळी मी मिंबरवरून इतरांच्या जाहिलियतीबद्दल बोललो होतो. आपल्या दालदी आणि भय्या या शब्दांबद्दल एक अक्षरही बोललो नव्हतो. बोललो असतो तर तेवढे हात हातात आले नसते.

या हदीसचा पूर्वार्ध सहसा सांगितला जात नाही. अबू जर (रजि.) यांनी ही गोष्ट सांगितली ती अनेक वर्षांनंतर. रबजा येथे एका माणसाने त्यांना पाहिले, तर त्यांच्या अंगावर जसे वस्त्र होते तसेच त्यांच्या गुलामाच्या अंगावर. त्याने कारण विचारले, तेव्हा त्यांनी आपली ती जुनी चूक सांगितली. आपल्या हाताखालच्या माणसाला आपण खातो ते खाऊ घाला, नेसतो ते नेसवा, ही त्या वेळी मिळालेली आज्ञाही सांगितली. चूक त्यांनी लपवली नाही आणि दुरुस्ती अशी केली की ती रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसावी. मुलांसमोर ठेवावयाचे उदाहरण ते हे.

काही पालक म्हणतात, थोडे चिडवल्याने मूल कणखर होते. मला हे कधीच पटलेले नाही. हजरत अनस (रजि.) वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास प्रेषितांच्या (स.) सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. या काळात आपल्याला प्रेषित (स.) एकदाही 'उफ' म्हणाले नाहीत, केलेल्या कामाबद्दल 'का केलेस' आणि न केलेल्याबद्दल 'का केले नाहीस' असे विचारले नाही, ही त्यांचीच साक्ष आहे. ते दुबळे निघाले काय? तेच पुढे सर्वाधिक हदीस सांगणाऱ्या सहाबांपैकी एक झाले. आणि प्रेषित (स.) थट्टा करीत नसत असेही नाही. अनस यांच्या धाकट्या भावाची छोटी चिमणी मेली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला प्रेमाने 'अबू उमैर' म्हणून तिची चौकशी केली. टोपणनाव तिथेही आहे, यमकही आहे. परंतु त्या थट्टेनंतर मूल अधिक जवळ येते, कोपऱ्यात जाऊन बसत नाही.

दुसरी तऱ्हा त्या पालकांची, ज्यांचे मूल इतरांना त्रास देते. तक्रार घेऊन गेलो असता एक गृहस्थ मला कौतुकाने म्हणाले, "वाघ आहे माझा." प्रेषितांनी (स.) आपल्या भावाला मदत करण्यास सांगितले, मग तो जुलूम करणारा असो वा जुलूम सोसणारा. सहाबांनी विचारले, जुलूम करणाऱ्याला मदत कशी करावी? उत्तर मिळाले, त्याचा हात धरून. वाघाच्या वडिलांनी हे लक्षात घ्यावे. हात धरणे याचा अर्थ मारणे असा नाही, हेही सांगितले पाहिजे; धाकट्याला मारले म्हणून थोरल्याला बदडणारा बाप थोरल्याला एवढेच शिकवतो की, ज्याची ताकद जास्त त्याने मारावे.

आणि मार खाऊन, चिडवून घेऊन जे मूल घरी येते, त्याला 'तूच काहीतरी केले असशील' हे पहिले वाक्य ऐकवू नये. त्याला बोलू द्यावे. शाळेत जाऊन शिक्षकांना भेटावे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई आहे. मदत हवी असल्यास १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे. मूल 'मला जगायचे नाही' असे म्हणाले तर त्याला नाटक समजू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. २०१२ च्या दुरुस्तीनुसार शिक्षण हक्क कायदा मदरशांना व धार्मिक शिक्षणसंस्थांना लागू होत नाही. माझ्या काही सहकाऱ्यांना यात सुटका वाटते. मला भीती वाटते. कारण जिथे सरकारचा निरीक्षक येत नाही, तिथे हिशेब घेणारा एकच उरतो.

त्या हिशेबाविषयी लिहून थांबतो. आईच्या त्या भेटीनंतर दुसऱ्या दिवशी मी तीस मुलांसमोर उभा राहिलो. चूक सर्वांसमोर केली होती, तेव्हा माफीही सर्वांसमोर मागणे भाग होते. हे नाव मी ठेवले, ते पाप होते, आज मी ते परत घेतो, असे सांगितले. मूसा (अ.) यांची कथा सांगितली. मुलगा मान खाली घालून बसला होता. मी विचारले, "माफ केलेस का?" त्याने मान हलवली. इंजिनाचे आवाज हळूहळू थांबले. अगदी एका दिवसात नाही. मोठा मुलगा लहानाचा सबक ऐकेल, आणि कोणी अडखळला तर बाकीचे खाली आपापल्या कायद्यात पाहतील, अशी रीत तेव्हापासून सुरू केली. छडी कपाटात गेली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, कामे बंद पडली आणि ते कुटुंब झारखंडला निघून गेले.

मी निश्चिंत झालो होतो. मग एकदा फिकहचा पाठ घेताना एक जुना मसला समोर आला. अज्ञान बालकाने आपला हक्क सोडून दिला, कोणाला माफ केले, तरी ते शरीअतमध्ये ग्राह्य धरले जात नाही; त्याच्या वतीने त्याचे पालकही माफ करू शकत नाहीत. माणसांचे हक्क माणसांनीच माफ करावयाचे असतात. ज्याने कोणाच्या अब्रूवर जुलूम केला असेल त्याने आजच मोकळे व्हावे, पुढे दिनार-दिरहम कामी येणार नाहीत, असे बुखारीच्या हदीसमध्ये आहे. पण 'आजच' मोकळे कसे व्हावे? त्या नऊ वर्षांच्या मुलाची हललेली मान माझ्या कामाची नव्हती. तो सज्ञान होईपर्यंत ते ऋण माझ्या माथ्यावर तसेच राहणार होते. मोठ्या माणसाला दुखवले तर त्याच संध्याकाळी त्याचे दार ठोठावता येते. मुलाला दुखवले तर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते, आणि तोवर दोघेही जिवंत असू याची हमी कोणी द्यावी?

मकतबाच्या जुन्या नोंदवहीत त्याची जन्मतारीख आहे. चांद्रवर्षांनी मोजली तर त्याला पंधरा वर्षे पूर्ण झाली आहेत. त्याच्या वडिलांचा क्रमांक बदलला होता. कारखान्यात त्यांच्याबरोबर काम केलेल्या एकाकडून नवा मिळवला आणि गेल्या जुम्याच्या दिवशी फोन लावला. आईने उचलला. मी नाव सांगितल्यावर क्षणभर शांतता होती. मग तिने सलाम केला, पेणकडे पाऊस कसा आहे ते विचारले, आणि सांगितले की मुलगा शाळेतून यावयाचा आहे, मगरिबनंतर लावा.

मगरिबनंतर लावला. "ह-हेलो," असा आवाज आला, आणि मी माझे नाव सांगितले.